डायलिसिसवर असलेल्या बाबांना रात्री झोप नाही, दिवसभर थकवा. काय करावं?

बाबा आठवड्यातून 3 वेळा म्हापशाला डायलिसिसला जातात, रात्री जागे असतात, हल्ली कुणाशी बोलत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. 'वय झालं' म्हणून सोडू नका. आधी हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून बघा. निकामी मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन (लाल रक्तपेशी बनवायला लावणारं संप्रेरक) पुरेसं बनवत नाहीत, त्यामुळे रक्त कमी होतं, अंगात त्राण राहत नाही. रात्री पाय सारखे हलवावेसे वाटतात का, घोरताना श्वास अडकतो का, तेही डॉक्टरांना सांगा. माझी आई मशीनवर चारही तास झोपायची आणि रात्री दोनला बलकांवात (घरापुढच्या ओसरीत) पाय चोळत बसायची! शेवटी मशीनवर तिने जागं राहावं म्हणून आम्ही तिला तिथे रेडिओ दिला. उदासीवरही उपचार आहेत, लपवू नका. झोपेची गोळी मात्र फार्मसीतून परस्पर आणू नका, काही औषधं अशा रुग्णांच्या अंगात साठतात.