प्रवेशाची खिडकी : लोणेरे की पुणे, आणि इतर पत्रं

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की या सदराचा टपालगठ्ठा फुगतो. यंदा चार पत्रं निवडली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली, कारण तोच प्रश्न थोड्याफार फरकाने देवगडपासून मंडणगडपर्यंत सगळ्यांचा आहे.

प्रश्न : आमच्या मुलीला लोणेऱ्याच्या विद्यापीठात आयटी मिळेल असं दिसतंय. पुण्यातल्या एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर मिळू शकतं. पुण्याच्या कॉलेजने लावलेल्या फ्लेक्सवर मोठमोठ्या पॅकेजवाल्या मुलांचे फोटो आहेत, लोणेऱ्याचं कोणी काही सांगत नाही. दीर म्हणतात, सरकारी ते स्वस्त. भाऊ म्हणतो, पुण्याला पाठव, कंपन्या तिथे येतात. आमची थोडी सुपारी आणि हापूसची कलमं आहेत. आम्ही ओबीसी. खर्च किती धरायचा आणि कोणाचं ऐकायचं? — एक आई, गुहागर तालुका

उत्तर : ताई, दोघांचंही ऐकू नका. दिरांनी फी पाहिली, भावाने फ्लेक्स पाहिला. कॉलेजचा कागद कोणीच पाहिला नाही.

हा कागद असतो. एनआयआरएफ ही केंद्र सरकारची कॉलेज-विद्यापीठांची क्रमवारी २०१६ पासून निघते. तिच्यात भाग घेणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपली माहिती एका ठरलेल्या तक्त्यात भरायची आणि ती स्वतःच्या संकेतस्थळावरही ठेवायची असते. क्रमांक कितवा आला ते सोडा, तो पेपरवाल्यांसाठी. तक्ता उघडा. पुण्याच्या कॉलेजच्या साइटवर एनआयआरएफची पीडीएफ सापडली नाही तर फोन करून मागा. द्यायला कुरकुर केली तर तेही एक उत्तरच झालं.

तक्त्यात चार वर्षांच्या पदवीसाठी एक ओळ असते. त्या वर्षी प्रवेश किती झाले, थेट दुसऱ्या वर्षाला डिप्लोमाची मुलं किती आली, त्यांतली ठरलेल्या मुदतीत पास किती झाली, नोकरी किती जणांना लागली, त्यांच्या पगाराचा मध्यक किती, पुढे शिकायला किती गेली. उदाहरण म्हणून मनचे आकडे घेते. पहिल्या वर्षाला ६०, डिप्लोमाचे ६, एकूण ६६. वेळेत पास ४४. नोकरी २१ जणांना, पुढचं शिक्षण ६ जणांना. म्हणजे आत गेलेल्या तिघांपैकी एकजण चार वर्षांत बाहेर पडलाच नाही, आणि पास झालेल्यांतल्या १७ जणांचं काय झालं हे कागद सांगत नाही. फ्लेक्स तर त्याहून कमी सांगतो. डिप्लोमाची मुलं बेरजेत धरायला विसरू नका. नाहीतर एखाद्या कॉलेजात प्रवेशापेक्षा पास झालेलेच जास्त दिसतात आणि आपल्याला वाटतं, काय चमत्कारिक कॉलेज आहे!

आता पगार. दहावीच्या सांख्यिकीत मध्य, मध्यक, बहुलक शिकवतात, त्यातला मध्यक इथे कामाला येतो. २१ जणांचे पगार चढत्या क्रमाने लावले की अकरावा जो येईल तो. फ्लेक्सवरचा मुलगा एकविसावा असतो. तुमची मुलगी अकरावी धरून हिशेब करा. एकविसावी निघाली तर पेढे मलाही पाठवा. एक मात्र लक्षात ठेवा, हे आकडे संस्थेनेच भरलेले असतात. म्हणून एक वर्ष बघून भागत नाही. तक्त्यात मागच्या तीन वर्षांची एकेक ओळ असते, तिन्ही पाहा. एकाच वर्षी नोकऱ्या दुप्पट झाल्या असतील तर कारण विचारा.

त्याच तक्त्यात विद्यार्थीसंख्येचा एक भाग असतो, तो सहसा कोणी वाचत नाही. मुली किती, परराज्यातले किती, आर्थिक दुर्बल किती, आणि सरकारकडून पूर्ण शिक्षण शुल्क परत मिळणारे किती. मी निवृत्तीपर्यंत कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीच्या टेबलावर बसले, त्यामुळे माझी नजर आधी या शेवटच्या रकान्यावर जाते. तो आकडा भरगच्च असेल तर तिथल्या क्लार्कला महाडीबीटी, म्हणजे शिष्यवृत्तीच्या अर्जांचं सरकारी पोर्टल, पाठ आहे असं समजा. शून्याच्या आसपास असेल तर एकतर सगळी मुलं श्रीमंतांची, नाहीतर ऑफिस झोपलेलं. तुमच्या घरासाठी दोन्ही वाईटच.

आता तुमचा मुख्य प्रश्न. महाराष्ट्र सरकारने ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ केलं. प्रवेश मात्र कॅप, म्हणजे सरकारच्या केंद्रीकृत प्रवेश फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातल्या जागेला आणि अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठाला हा लाभ नाही. तेव्हा पुण्याचं ते कॉलेज एखाद्या विद्यापीठाला जोडलेलं साधं संलग्न कॉलेज आहे की खासगी विद्यापीठ, हे पहिल्यांदा बघा. संलग्न असेल आणि कॅपमधून जागा मिळाली, तर शिक्षण शुल्काच्या बाबतीत सरकारी-खासगी हा फरक तुमच्यापुरता जवळजवळ मिटतो. दिरांचं म्हणणं मुलाच्या बाबतीत खरं ठरलं असतं.

उरतो तो राहण्याजेवण्याचा खर्च, आणि खरा फरक तिथे पडतो. वसतिगृह, मेस, अनामत, पुस्तकं, लॅपटॉप यांतलं काहीही त्या माफीत बसत नाही. लोणेरे मुंबई-गोवा महामार्गावर, माणगाव आणि महाडच्या मधे. विद्यापीठाचं वसतिगृह आवारात आहे, बाहेर खर्च करायला जागाही फारशी नाही. पुण्यात वसतिगृह नाही मिळालं की कॉट बेसिस (खाटेपुरती भाड्याची जागा), तिथला डबा, रोजची रिक्षा. दोन्हीकडचा महिन्याचा खर्च तिथे शिकणाऱ्या मुलींना विचारून लिहा, कॉलेजच्या माहितीपत्रकातून उतरवू नका. वर्षाचे बारा नाही, दहा महिने धरा, कारण गणपती, शिमगा आणि मे महिन्यात पोरगी घरीच असणार. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, म्हणून गाडीभाडं निम्मं धरा.

दुसरी अडचण वेळेची. आंब्याची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, वाशीच्या बाजारातून मे-जूनमध्ये येते आणि प्रवेशाची फी भरायची जुलै-ऑगस्टमध्ये. मधल्या काळात घराची कौलं आणि खतं आ वासून बसलेली असतात. अनामत आणि पहिल्या हप्त्याएवढी रक्कम पट्टी आल्याबरोबर बाजूला काढा. कागद मात्र आजच काढा : तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, चालू मुदतीचं नॉन-क्रिमीलेअर, अधिवास, जात वैधता. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते हे कितीतरी पालकांना खिडकीवर आल्यावर कळायचं. आणि महाडीबीटीचा अर्ज दरवर्षी नूतनीकरण करावा लागतो. दुसऱ्या वर्षी मुली हा अर्ज हमखास विसरतात.

लोणेऱ्याबद्दल एक वेगळी गोष्ट. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, मुलांच्या भाषेत ‘बाटू’, १९८९ च्या कायद्याने झालं. २०१४ च्या कायद्याने ते संपूर्ण राज्यासाठी संलग्नता देणारं विद्यापीठ झालं. त्यामुळे बाटूची पदवी घेतलेला प्रत्येकजण लोणेऱ्याला शिकलेला नसतो. पुण्यातल्या काही कॉलेजांची पदवीही बाटूचीच. तुमचं पुण्याचं कॉलेज त्यांतलंच निघालं तर दोन्हीकडे पदवीच्या कागदावर विद्यापीठाचं नाव एकच येईल. मग तुलना फक्त शिक्षक, प्रयोगशाळा आणि त्या तक्त्यातल्या ओळींची. शेजारच्या मुलाला बाटूचा अनुभव कसा आला हे विचारताना तो आवारात शिकला की संलग्न कॉलेजात, हे आधी विचारा.

माझं मत मागितलंत तर : दोन्ही तक्त्यांत वेळेत पास होणाऱ्यांचं प्रमाण आणि मध्यक जवळपास सारखे असतील तर लोणेरे. कॉम्प्युटर आणि आयटी यांतल्या फरकासाठी पुण्याचं चार वर्षांचं भाडं भरण्यात मला अर्थ वाटत नाही. पुण्याचा मध्यक चांगला दीडपट असेल तर पुणे, आणि कमी पडलेल्या रकमेसाठी कर्ज. पीएम विद्यालक्ष्मी योजनेत यादीतल्या संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलतही आहे. यादीत कॉलेज आहे का ते आधी तपासा, मग बँकेत जा.

प्रश्न : कोकण बोर्ड दरवर्षी राज्यात पहिलं. मग पदवीला आमची मुलं मागे का पडतात? आणि कोकणाला स्वतंत्र विद्यापीठ का नाही? — निवृत्त शिक्षक, राजापूर

उत्तर : गुरुजी, २०२५ ला कोकण विभागाचा बारावीचा निकाल ९६.७४ टक्के लागला, राज्याचा ९१.८८. दहावीचा ९८.८२. आनंद आहेच. पण हे मंडळ रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांचं, आणि ही टक्केवारी परीक्षेला बसलेल्यांची. पदवीला मी पहिल्या पत्रात सांगितलेला हिशेब लावावा लागतो : जून महिन्यात वर्गात आलेल्यांपैकी तीन वर्षांनी पदवी घेऊन किती गेले. तो निकाल कोणी पेढे वाटत जाहीर करत नाही. पहिल्या वर्षाला केटी लागलेली, म्हणजे विषय राहिलेली, मुलगी घरी बसते, मुलगा मुंबईला मामाकडे जातो आणि कुठल्यातरी दुकानात लागतो. पटावर दोघांचं नाव असतंच. पोरं मागे पडतात म्हणण्यापेक्षा ती पटावरून गळतात आणि गळालेली कोणी मोजत नाही, असं मी म्हणेन.

स्वतंत्र विद्यापीठाची मागणी जुनी आहे आणि माझा तिला पाठिंबा आहे, पण तुमच्याइतका उत्साह नाही. आपली कला, विज्ञान, वाणिज्यची कॉलेजं १८५७ च्या मुंबई विद्यापीठाला जोडलेली, ज्याच्याखाली पालघर ते सिंधुदुर्ग मिळून आठशेहून जास्त कॉलेजं आहेत. सावंतवाडीच्या मुलाच्या गुणपत्रिकेतली चूक मुंबईत कलिन्याला दुरुस्त होते. रत्नागिरीला उपकेंद्र आहे, पण सही कुठे होते ते तुम्ही जाणताच. सोलापूरला एका जिल्ह्यासाठी २००४ मध्ये विद्यापीठ मिळालं, चंद्रपूर-गडचिरोलीला २०११ मध्ये गोंडवाना. तेव्हा ‘दोन जिल्ह्यांना कसं परवडेल’ हा प्रश्न आपल्यालाच का विचारतात, हे मलाही कळत नाही.

तरीही सांगते, अशा विद्यापीठाचा बराचसा गाडा परीक्षा आणि संलग्नता शुल्कावर चालतो. आपल्याकडे मुलं कमी. शुल्क वाढवून गाडा ओढायचा ठरला तर ते कोणाच्या खिशातून जाणार? मागणी करणाऱ्यांनी पहिल्या पाच वर्षांचा सरकारी निधी कायद्यातच लिहून घ्यावा. दापोलीजवळच्या मुरुडच्या अण्णासाहेब कर्व्यांना शाळकरी वयात परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून साताऱ्याला चालत जावं लागलं आणि तिथे वय लहान दिसतं म्हणून बसूच दिलं नाही. पुढे १९१६ मध्ये त्यांनी थेट महिलांचं विद्यापीठच काढलं. आपल्याकडे माणसं होती, अजूनही असतील. निधीचं काय ते बोला.

प्रश्न : मला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात जायचंय. आमची होडी आहे. बाबा म्हणतात, “झिला, मासे पकडूक कॉलेज कित्याक?” काय सांगू? — बारावी विज्ञान, मालवण

उत्तर : बाबांना सांग, तिथे मासे पकडायला नाही, वाढवायला, टिकवायला आणि विकायला शिकवतात. शिरगावचं कॉलेज १९८१ चं, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाखालचं, रत्नागिरी शहराला लागून. पदवी चार वर्षांची, जागा मोजक्या, त्यामुळे पहिल्याच फेरीत पसंतीक्रम नीट भर. कोळंबी संवर्धन, प्रक्रिया उद्योग, बँकांची कृषी अधिकारी पदं आणि मत्स्यव्यवसाय खात्यातल्या जागा या चार वाटा. खात्याच्या जाहिराती रोज निघत नाहीत, म्हणून केवळ त्या आशेवर जाऊ नकोस.

प्रवेशाआधी एकदा कॉलेजात जाऊन ये. शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठ आणि मागच्या बॅचमधले कोण कुठे आहेत ते नावानिशी विचार. छोट्या कॉलेजात एवढं कळतं, मोठ्या विद्यापीठात कळत नाही. आणि बाबांना बरोबर ने. होडीवाल्या माणसाला प्रयोगशाळेतले शिक्षक फार प्रश्न विचारतात, बाबांचंही मत बदलेल.

प्रश्न : मोठ्या मुलाच्या वेळी एका संस्थेने ‘इमारत निधी’ म्हणून रोख घेतले, पावती नाही. धाकट्याच्या वेळी मागितले तर? — पालक, दापोली

उत्तर : देऊ नका. ठरलेल्या शुल्काबाहेर अशी रक्कम घेणं कॅपिटेशन शुल्काला बंदी घालणाऱ्या १९८७ च्या कायद्याखाली गुन्हा आहे. खासगी व्यावसायिक कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर संस्थेच्या नावानिशी दिसते. तिची प्रिंट खिशात ठेवूनच खिडकीवर जा. जास्त मागितले तर ‘लेखी द्या’ एवढंच म्हणा. बहुतेक ठिकाणी मागणी तिथेच थांबते. नाही थांबली तर प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा. जी काही फी भराल ती ऑनलाइन किंवा डीडीने, आणि पावतीवर शिक्षण शुल्क व विकास शुल्क वेगवेगळं दाखवलेलं आहे का ते तिथेच उभं राहून वाचा. महाडीबीटीच्या अर्जात हे दोन आकडे वेगळे भरावे लागतात, आणि एकत्र लिहिलेली पावती बदलून घ्यायला नंतर तुमचाच एक दिवस जातो.