पुस्तकात मन लागत नाही? हे करून बघ

अरे सुरुवातच एवढ्या जाडजूड कादंबरीने कशाला करतोस, लायब्ररीतून व्यंकटेश माडगूळकरांची बनगरवाडी घे, १९५५ ची आहे, पातळशी, माणदेशातल्या धनगरवाडीत एक नवा मास्तर येतो, पण वाक्यं इतकी छोटी नि सरळ की आपण कधी वाडीत जाऊन पोचतो कळतच नाही. पहिली काही पानं मात्र नेट लावून वाच, माणसं ओळखीची होईपर्यंत नुसते डोळे फिरतात, सगळ्यांचंच होतं ते. मोबाईल सायलेंटवर नको, सरळ दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लाव. नाहीच रंगलं तर परत कर, पूर्ण केलंच पाहिजे असं कुणाला लिहून दिलंय का. आणि हो, गॅसवर दूध ठेवून वाचायला बसू नको हां, पातेलं घासायला लागेल.