क्लिनिकल प्रिव्हिलेज म्हणजे 'विशेषाधिकार' नव्हे

प्रश्न असा आलाय की अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलच्या बोर्डाने सर्जनचे 'क्लिनिकल प्रिव्हिलेजेस' (त्या हॉस्पिटलात कोणते उपचार, कोणती ऑपरेशनं करायची याची परवानगी) सस्पेंड केले, तर मराठीत 'परवाना निलंबित' लिहायचं की 'विशेषाधिकार काढले'.

दोन्ही नको. परवाना राज्याचं मेडिकल बोर्ड देतं, हॉस्पिटलचं बोर्ड वेगळं, ते परवान्याला हातही लावू शकत नाही, आणि तरी बातम्यांत दोन्ही बोर्डं एकच समजून 'डॉक्टरचा परवाना रद्द' ठोकून देतात, वाचून डोकं फिरतं.

'विशेषाधिकार' कोशात आहे म्हणून लोक वाद घालतात. पण तो प्रिव्हिलेज विधिमंडळातला, हक्कभंगातला, आमदार झाला की आपोआप मिळणारा. कोशवाल्यांनी तोच उचलून सगळीकडे चिकटवला, हे चूकच आहे. हॉस्पिटलातला मात्र मागावा लागतो: ऑपरेशनांची छापील यादी असते, अपेंडिक्स, हर्निया, दुर्बिणीतून पित्ताशय, डॉक्टर एकेकापुढे खूण करून मागतो, डॉक्टरांची समिती अनुभव बघून शिफारस करते, शेवटचा निर्णय हॉस्पिटलच्या गव्हर्निंग बोर्डाचा, आणि दोन-तीन वर्षांनी परत तेच.

आता मूळ शब्द बघा, मला तर हा फार आवडतो. लॅटिनमध्ये प्रिव्हस म्हणजे एकेकटा ('प्रायव्हेट' त्याच घरातला), लेक्स म्हणजे कायदा. प्रिव्हिलेजियम म्हणजे एकाच माणसासाठी केलेला कायदा, आणि तोही बहुधा त्याच्या विरुद्ध! इ.स.पू. 58 मध्ये रोममधल्या क्लोडियस या पुढाऱ्याने आपला विरोधक, नामांकित वक्ता सिसेरो याचं नाव घालून त्याला हद्दपार करणारा कायदा केला, सिसेरोने त्या कायद्याला हाच शब्द लावला, असले कायदे 'बारा पाट्यां'त, म्हणजे रोमच्या जुन्या लिखित कायद्यात, मना आहेत म्हणून. सवलत वगैरे अर्थ मागाहून आला. हॉस्पिटलातला अर्थ या मुळाच्या किती जवळ आहे बघा, एका डॉक्टरच्या नावाने एक कागद, देणारंही बोर्ड, काढणारंही तेच.

म्हणून माझा शब्द 'मुभा'. अरबी 'मुबाह'वरून आलाय, इस्लामी धर्मशास्त्रात जे सक्तीचंही नाही आणि निषिद्धही नाही ते. मुभा दिली जाते, काढून घेतली जाते, तिच्यावर वारसा सांगता येत नाही.

बोर्डावर डॉक्टर नसलेलेही असतात, त्यांना काय कळतं, असं एकाने विचारलंय. इलिनॉयमधला 1965 चा डार्लिंग खटला बघा. फुटबॉल खेळताना पाय मोडलेला मुलगा, प्लास्टर घट्ट बसलं, बोटं सुजून काळी पडली तरी दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं नाही, शेवटी गुडघ्याखाली पाय कापावा लागला. उपचार डॉक्टरचे, आमचा संबंध नाही, हे हॉस्पिटलचं म्हणणं कोर्टाने मानलं नाही. म्हणजे जबाबदारी हॉस्पिटलचीही, म्हणून बोर्डाला यात लक्ष घालावंच लागतं.

तर लिहा: 'बोर्डाने त्यांना शस्त्रक्रियेची दिलेली मुभा स्थगित केली.'