तोंडी नको, लिहून ठेव

प्रिय मुली,

काल रात्री दोन वाजता तुझा मेसेज आला. "ताई, इतक्या वर्षांनी बोलले तर लोक म्हणतील, तेव्हा काय तोंड शिवलं होतं? आणि जिने घडवलं त्या संस्थेचीच बदनामी?" बदनामी तुझ्यावर अत्याचार करणाऱ्याने तेव्हाच केली, त्यावर मी शब्द खर्च करणार नाही. उशिराचं मात्र सांगते. संस्थांमधल्या बाललैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या रॉयल कमिशनचा अंतिम अहवाल 2017 साली आला. त्यांच्याशी बोललेल्या पीडितांना पहिल्यांदा तोंड उघडायला सरासरी जवळजवळ 24 वर्षं लागली होती. तुला नऊ लागली.

तेव्हा आज रात्री आठवेल ते लिही. तारीख नसेल तर "शिबिराचा तिसरा दिवस, पाऊस होता" असं लिही. आठवत नाही तिथे "आठवत नाही" असंच लिही, भोकं बुजवू नकोस. खाली आजची तारीख आणि सही.

अमेरिकेतली माजी जिम्नॅस्ट रेचेल डेनहॉलंडर 2016 मध्ये तिथल्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर लॅरी नासर याच्याविरुद्ध पोलिसांत गेली, तेव्हा त्याने केलेल्या अत्याचाराला सोळा वर्षं झाली होती. तिच्याजवळ जुन्या डायऱ्या होत्या आणि 2004 सालची एक वैद्यकीय नोंद. तिने एका नर्सला सांगितलं होतं आणि त्या नर्सने ते फाइलमध्ये उतरवलं होतं. 2018 च्या जानेवारीत शिक्षेच्या सुनावणीत दीडशेहून अधिक जणींची निवेदनं झाली. मला पुन्हा पुन्हा आठवते ती नर्स.

कारण मी तशी निघाले नाही. एक मुलगी माझ्यासमोर बसून स्वेटरच्या बाहीचा धागा उसवत एकेक वाक्य सांगत होती. मी तडक प्रमुखांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "हे कागदावर नको. मी बघतो." तीन महिन्यांनी त्या माणसाची दुसऱ्या शाखेत बदली झाली. तिथेही मुली होत्या. पुढे चौकशी लागली तेव्हा प्रमुख म्हणाले, माझ्या कानावर काही आलंच नव्हतं. माझ्याकडे साधी चिठ्ठी नव्हती. नोकरी नवी होती, घर माझ्या पगारावर चालत होतं, हे सगळं खरं. पण एक ओळ लिहिल्याने नोकरी गेली नसती. किंवा गेलीही असती. अजून मला ठरवता येत नाही.

म्हणून "समितीतल्या मॅडम चांगल्या आहेत, आधी तोंडी सांगून बघते" हे वाचून मला राग आला. असतील चांगल्या. चांगल्या माणसांचीही बदली होते. लेखी अर्ज दे, दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घे. फोनवर बोलणं झालं तर त्याच संध्याकाळी "आज आपलं असं बोलणं झालं" असा ईमेल पाठव. त्याचे जुने मेसेज पुसू नकोस, कितीही किळस आली तरी. आणि यातलं काहीही संस्थेच्या कपाटात किंवा संस्थेच्या ईमेलवर ठेवायचं नाही.

बोलायचं की नाही, कधी, कुणाशी, हे तूच ठरव. नाही बोललीस तरी माझ्या लेखी तू तीच. लिहायचं मात्र आजच. हात थरथरला तर थांब आणि फोन कर, मी जागीच आहे. एक झेरॉक्स पाकिटात बंद करून माझ्याकडे आणून दे. मी उघडणार नाही. पाकिटावर तारीख घालून सही करीन.

तुझी ताई