पत्रातला 'असो' आणि 'असो' नावाचे अनियतकालिक

सोलापुरातील एका वाचकांनी एक चांगला प्रश्न विचारला आहे. मुंबईच्या लघुअनियतकालिकांभोवती, म्हणजे ठरलेल्या तारखेविना निघणाऱ्या छोट्या अंकांभोवती, जमलेल्या कवींच्या मैत्रीविषयी ते सध्या वाचत आहेत. जुन्या मराठी पत्रांत लेखक एखादी मनातली गोष्ट सांगतो आणि लगेच 'असो.' असे लिहून दुसऱ्या विषयाकडे वळतो, हे त्यांना खटकते. मित्राजवळ मन मोकळे करताना असा शब्द वापरणे रुक्षपणाचे नाही का, आणि या कवी-लेखकांच्या एका अनियतकालिकाचे नावच 'असो' होते, तेही बेफिकिरीतून आले असे समजावे का, असे त्यांचे विचारणे आहे.

माझे उत्तर दोन्ही प्रश्नांना नकारार्थी आहे. 'असो' हा विषय झटकून टाकण्याचा शब्द नाही. सांगितलेली गोष्ट आहे तशी राहू देऊन पुढे जाण्याचा तो शब्द आहे, आणि या दोन क्रियांमध्ये बरेच अंतर आहे.

आधी रूप पाहू. 'असो' हे 'असणे' या क्रियापदाचे आज्ञार्थातील तृतीयपुरुषी एकवचन आहे, अनेकवचन 'असोत'. येवो, राहो, होवो, लाभो या रूपांच्या पंक्तीतलेच ते आहे. तृतीयपुरुषी आज्ञार्थात हुकूम क्वचितच असतो. तिथे बहुधा इच्छा असते किंवा संमती असते. 'विजय असो' मध्ये इच्छा आहे, 'गरीब असो वा श्रीमंत' मध्ये संमती आहे. पत्रात एकटाच येणारा 'असो' संमतीच्या बाजूचा आहे आणि त्याचा कर्ता गाळलेला असतो. तो भरून वाचला तर वाक्य 'हे असे असो' असे होते. 'हे जावो' किंवा 'हे नसो' असे ते कधीच होत नाही. म्हणूनच 'असो' आणि 'जाऊ दे' यांची सरसकट अदलाबदल करू नये. 'जाऊ दे' म्हणणारा गोष्ट हातातून सोडतो. 'असो' म्हणणारा ती जागच्या जागी ठेवतो.

हा गाळलेला कर्ता जुन्या ग्रंथांत उघड दिसतो. ज्ञानेश्वरीत (शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०) 'हें असो' ही शब्दजोडी ठिकठिकाणी येते. दृष्टान्त रंगत जातो, मूळ मुद्द्यापासून थोडे दूर जाणे होते, आणि मग निरूपणकार 'हें असो' म्हणून श्रोत्यांना परत विषयाकडे आणतात. आधीचा दृष्टान्त त्यामुळे रद्द होत नाही. तो श्रोत्याच्या मनात राहावा, ही तर अपेक्षाच असते. याहून बोलके उदाहरण दासबोधाच्या तिसऱ्या दशकातील मृत्युनिरूपणात आहे. वैभवाचे, पराक्रमाचे, विद्येचे असे किती तरी थोर लोक गेले, ही यादी समर्थ ओवीमागून ओवी वाढवत नेतात आणि मग 'असो ऐसे सकळही गेले' असे म्हणतात. इतक्या मृत्यूंची गणना केल्यानंतर आलेल्या या 'असो'ला बेपर्वाई म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. जे बदलता येत नाही ते मान्य केल्याचा आवाज त्यात आहे.

पत्रलेखनाकडे वळताना एका गोष्टीपासून सावध राहायला हवे. पेशवाईतील पत्रांच्या शेवटी 'बहुत काय लिहिणें, लोभ असों दीजे, हे विनंति' असा ठरीव समारोप असतो. तिथला 'असों' आपल्या 'असो'चा भाऊ वाटला तरी तो वेगळ्या घरचा आहे. 'येऊ देणे', 'करू देणे' यांत जसे 'येऊ' आणि 'करू', तसाच 'असों दीजे' मधला 'असों'; आजच्या भाषेत तो 'असू द्यावा' असा होतो. त्यावरचा अनुस्वार त्यासाठीच आहे. पुढे 'लोभ असावा' हा विध्यर्थी समारोप रूढ झाला आणि 'क. लो. अ.' म्हणजे 'कळावे, लोभ असावा' या आद्याक्षरांत येऊन बसला. मजकुराच्या मधोमध येणारा सुटा 'असो' मात्र ज्ञानेश्वरीच्या 'हें असो'च्या वळणाचा आहे.

तो पत्रात कसे काम करतो, हे एका कल्पित मजकुरावर पाहता येईल. समजा, सोलापूरहून कोणी मुंबईतल्या मित्राला लिहितो: 'यंदा पावसाने पाठ फिरवली. गिरणी आठवड्यातून चारच दिवस चालते आणि वडिलांचे डोळे अधू होत चालले आहेत. असो. नवी कविता कधी पाठवतोस?' यातला 'असो' काढून पाहावा. तीन काळज्यांमागून कवितेची चौकशी एकदम येते आणि लिहिणारा एक तर भावनाशून्य वाटतो, नाही तर गोंधळलेला. 'असो' ठेवला की तो आपल्या मित्राला सांगतो, 'हे तुला कळले पाहिजे म्हणून लिहिले. त्यावर तू काही करावेस असे नाही. आता तुझे सांग.' उत्तराचे ओझे मित्रावर टाकायचे नाही, ही त्यातली माया आहे. सांत्वनाची मागणी न करता दुःख सांगण्याची सोय ज्या भाषेत एका शब्दात होते, तिथला हा शब्द रुक्ष कसा म्हणावा?

आता अनियतकालिकाविषयी. १९५०च्या दशकाच्या मध्यात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ या तरुण मित्रांनी 'शब्द' हे सायक्लोस्टाइल केलेले अनियतकालिक काढले. १९६०च्या दशकात अशोक शहाणे यांनी 'असो' काढले. औरंगाबादहून 'वाचा' निघाले, राजा ढाले यांचे 'येरू' आले, आणि 'फक्त', 'आत्ता', 'अबकडइ' अशी एकाहून एक निराळी नावे दिसू लागली. या नावांकडे व्याकरणाच्या नजरेने पाहावे, असे मला मनापासून वाटते. त्याआधीच्या नियतकालिकांची नावे 'मनोरंजन', 'रत्नाकर', 'ज्योत्स्ना', 'अभिरुची' अशी, म्हणजे बहुतेक भारदस्त संस्कृत नामे. या मंडळींनी क्रियापदे, अव्यये, सर्वनामे उचलली. 'वाचा' हे आज्ञार्थी क्रियापदही आहे आणि वाणी या अर्थाचे नामही आहे. 'येरू' हे 'येर' म्हणजे 'दुसरा, इतर' या जुन्या सर्वनामाचे रूप आहे. महानुभाव गद्य आणि ज्ञानेश्वरी वाचणाऱ्यांना तो शब्द परका नाही. म्हणजे परंपरेशी भांडण मांडणाऱ्या या लेखकांनी शब्द निवडताना परंपरेतल्याच सर्वांत साध्या, रोजच्या वापराच्या कप्प्यात हात घातला. 'असो' त्याच कप्प्यातला आहे.

शिवाय ही अनियतकालिके वाचकांकडे कशी पोहोचत, हेही लक्षात घ्यायला हवे. त्यांना ठरलेली तारीख नव्हती. खर्च मित्रांच्या खिशातून होई, मजकूर मित्रांचा असे, आणि अंक हातोहात किंवा टपालाने जात. लिहिणारे, छापणारे आणि वाचणारे बरेचसे एकाच ओळखीतले. मासिकापेक्षा हे पत्राच्या अधिक जवळचे आहे. ही मैत्री पुढे ग्रंथप्रकाशनातही उतरली. कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह १९७७ मध्ये शहाणे यांच्या 'प्रास प्रकाशना'ने काढला. त्याच्या आदल्या वर्षी कोलटकरांची 'जेजुरी' ही इंग्रजी कवितामालिका प्रसिद्ध झाली, ती ज्या 'क्लिअरिंग हाउस' या प्रकाशनाकडून, ते कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या कवींनीच मिळून उभे केले होते. मेहरोत्रा अलाहाबादला आणि बाकीचे मुंबईला, म्हणजे टपाल हा या मैत्रीचा रस्ताच होता. अशा गोतावळ्यातल्या अंकाच्या मुखपृष्ठावर 'असो' हा पत्रातला शब्द आला की मी तो असा वाचतो: आधी जे काही झाले ते झाले, ते आहे, आता पुढचा मजकूर. त्यात नव्याची घाई आहे, जुन्याला नाकारण्याची सोपी ऐट मात्र दिसत नाही.

प्रश्नकर्त्यांना जो रुक्षपणा जाणवला, त्याचे मूळ आजच्या वापरात असावे. वादात समोरच्याला 'तुम्हाला ते कळायचे नाही. असो.' असे ऐकवण्याची पद्धत अलीकडे फार बोकाळली आहे. तिथे 'असो' मान्य करण्यासाठी न येता दार लावून घेण्यासाठी येतो. मला हा वापर शब्दावर अन्याय करणारा वाटतो, पण दोष शब्दाचा नाही, त्याच्या आधीच्या वाक्याचा आहे. साधी कसोटी अशी: लेखकाने 'असो' स्वतःच्या सांगण्यानंतर लिहिला असेल, तर तो सौजन्याचा, दुसऱ्याच्या सांगण्याला उत्तर म्हणून लिहिला असेल, तर तो बहुधा तोडणारा. म्हणून वडीलधाऱ्यांनी पत्रात आपली व्यथा कळवली असता आपल्या उत्तराची सुरुवात 'असो'ने करू नये. आपली स्वतःची रडकथा सांगून झाल्यावर मात्र तो खुशाल लिहावा, आणि त्यापुढे पूर्णविराम द्यावा. स्वल्पविराम दिला की तो पुढच्या वाक्याला चिकटतो आणि त्याचे थांबणे हरवते.

सोलापूरकरांना ही छटा समजावून सांगायला एक जवळचा आधार आहे. आपल्या गावात घरोघर कानडी ऐकू येते. कानडीत 'इरु' म्हणजे असणे, त्यावरून 'इरलि' म्हणजे 'असो'. आणि 'होगु' म्हणजे जाणे, त्यावरून 'होगलि' म्हणजे 'जावो, जाऊ दे'. दोन्ही रूपांची घडण मराठीसारखीच तृतीयपुरुषी आहे, आणि बोलणारे दोहोंतला फरक सहज पाळतात. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत 'पोनी' म्हणतात, ते 'होगलि'च्या, म्हणजे आपल्या 'जाऊ दे'च्या अंगाने जाते. तेव्हा जुन्या पत्रात 'असो' दिसला की त्या जागी 'इरलि' ठेवून वाचावे. 'होगलि' ठेवून वाचले तर लिहिणाऱ्याचा सूर चुकेल.