लहानपणी घरात मारहाण झाली असेल तर मोठेपणी मानसिक आजाराचं निदान दर डॉक्टरागणिक का बदलतं?

तुम्ही लिहिलंय की वडील दारू पिऊन मारायचे, इंटरनेटवरच्या एसीई चाचणीत (बालपणी किती प्रकारचे आघात सोसले ते मोजणाऱ्या प्रश्नावलीत) तुमचा स्कोअर 6 आला, एका डॉक्टरांनी बायपोलर (उन्माद आणि उदासी यांचे झटके येणारा आजार) सांगितलं आणि दुसऱ्यांनी डिप्रेशन. आधी त्या 6 चं बघू, कारण धसका तुम्ही त्याचाच घेतलेला दिसतोय.

ही मोजणी अमेरिकेत सॅन डिएगोला सुरू झाली. व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट आंडा या डॉक्टरांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत साडेनऊ हजारांवर प्रौढांना बालपणाबद्दल विचारलं होतं. चार किंवा जास्त प्रकारचे आघात सोसलेल्यांमध्ये दारू, ड्रग्ज, डिप्रेशन आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका, एकही आघात नसलेल्यांपेक्षा 4 ते 12 पट निघाला. पण हा हिशोब समूहाचा आहे. वळ उठेपर्यंत एकदाच मारलं काय आणि दहा वर्षं रोज मारलं काय, गुण एकच. तेव्हा वय किती होतं, पाठीशी घालणारी आजी किंवा मावशी होती का, याला त्यात जागाच नाही. एकेका माणसाचं भाकीत या स्कोअरवरून करू नये, असं खुद्द आंडा यांनी 2020 मध्ये लिहिलंय. तेव्हा 6 म्हणजे निदान नव्हे.

आता निदान का बदलतं ते. कडी वाजली की बाप पिऊन आलाय की नाही हे ज्या मुलाला आवाजावरून ओळखावं लागतं, त्याचं शरीर धोका हेरण्यात तरबेज होतं. मोठेपणी साहेबांचा सूर जरा चढला तरी तेच शरीर पेटतं. असा माणूस ओपीडीत येऊन म्हणतो, ‘डॉक्टर, फार मूड स्विंग होतात.’ पुढे तीस पेशंट ताटकळलेले, बालपणाचा विषय निघतच नाही, आणि फाईलवर बायपोलर लिहिलं जातं.

फरक ओळखायला दोन गोष्टी विचाराव्या लागतात: किती वेळ टिकतं आणि झोपेचं काय होतं. बायपोलरमधला सौम्य उन्माद, म्हणजे हायपोमेनिया, डीएसएम-5 या अमेरिकन निदानपुस्तिकेप्रमाणे सलग किमान 4 दिवस राहावा लागतो. त्यात माणूस तीन तास झोपूनही ताजातवाना असतो. आघातातून येणारी उसळी बहुधा काही तासांत ओसरते, तिच्याआधी कुणाचं तरी बोलणं किंवा दुर्लक्ष घडलेलं असतं, आणि झोप हवी असूनही लागत नाही. अर्थात दोन्ही आजार एकत्रही असू शकतात. म्हणून हे वाचून ‘मला बायपोलर नाहीच’ असं परस्पर ठरवू नका. बायपोलर असताना नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या तर उन्माद उसळू शकतो.

शिवाय तिसरं एक नाव आहे: कॉम्प्लेक्स पीटीएसडी. 2022 पासून लागू झालेल्या आयसीडी-11 मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, ते स्वतंत्र निदान आहे. त्यात पीटीएसडीची (आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक आजाराची) लक्षणं असतात, म्हणजे प्रसंग पुन्हा आत्ताच घडतोय असं वाटणं, टाळाटाळ, सतत सावध राहणं. आणि त्यावर भावना न आवरणं, आपण कवडीमोलाचे आहोत ही पक्की समजूत, जवळीक न टिकणं. अमेरिकन डीएसएममध्ये हे वेगळं निदान नाही, त्यामुळे डॉक्टर कोणतं पुस्तक धरतात यावरही फाईलवरचा शब्द ठरतो.

पुढच्या भेटीला एक कागद न्या. एका बाजूला वयानुसार: किती वर्षांचे असताना काय, किती काळ, घर कधी सुटलं, पहिला त्रास कधी. सगळा तपशील नको, एकेक ओळ पुरे. दुसऱ्या बाजूला दोन आठवड्यांची नोंद: किती तास झोप, कधी भडका उडाला, त्याआधी काय झालं, किती तास टिकला. जुन्या चिठ्ठ्या आणि थायरॉइडचा रिपोर्ट सोबत ठेवा. स्वतः पीत असाल तर खरा आकडा सांगा. आपल्याकडे हमखास होणारी चूक म्हणजे आईवडील किंवा भाऊ आत येऊन बसतात आणि तेच बोलतात. ‘मला पाच मिनिटं एकट्याला बोलायचंय’ असं स्पष्ट म्हणा. हे मागण्यात काहीही उद्धट नाही.

थेरपीसाठी आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषदेकडे) नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट शोधा. ट्रॉमा-फोकस्ड सीबीटी किंवा ईएमडीआर (आघातावरच्या उपचाराच्या दोन पद्धती) करता का, हे फोनवरच विचारा. पहिल्याच दिवशी सगळं उकरून काढायला लावून रात्रभर तुम्हाला तळमळत ठेवणारा माणूस, माझ्या मते, बदलावा.

चालू गोळ्या मनाने बंद करू नका. अचानक सोडल्यावर येणारी चक्कर, चिडचिड आणि निद्रानाश आजार उलटल्यासारखाच दिसतो आणि निदानाचा गोंधळ आणखी वाढतो. मरणाचे विचार येत असतील तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. ती सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.