व्हीलचेअर, पॅरिस आणि विचारायचे प्रश्न

ताई, तुमच्या मिस्टरांची बदली पॅरिसला झालीय, लेक व्हीलचेअरवर आहे आणि बस-मेट्रोत विचारण्यापुरतं फ्रेंच तुम्हाला हवंय, हे वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. व्हिसा, विमा वगैरे सरकारी साइटवर आहे, ते सोडते.

आधी 'बोंझूर'. त्याशिवाय प्रश्न टाकलात की समोरचा आखडतो. मग लिफ्ट आहे का, असं विचारूच नका. असली तरी ती बऱ्याचदा बंद असते. 'एस्क लासांसर मार्श ओझुर्दुई?' म्हणजे आज चालू आहे का, हे विचारा. बसला बाहेरून, मधल्या दारापाशी, व्हीलचेअरचं चित्र असलेलं निळं बटण असतं. ते दाबून थांबायचं, दाराखालून रॅम्प सरकत बाहेर येतो. नाही आला तर ड्रायव्हरला मोठ्याने 'ला रांप, सिल व्हू प्ले!' आत बाबागाड्या असल्या तरी त्या जागेवर पहिला हक्क लेकीचा. संकोच करू नका.

मेट्रोवर मात्र भिस्त ठेवू नका. 2005 च्या कायद्याने सार्वजनिक वाहतूक दहा वर्षांत सुगम करायची होती, पण जुन्या भुयारी मेट्रोला त्यातून सूट मिळाली. 1998 साली सुरू झालेल्या 14 नंबरच्या लाइनवर सगळीकडे लिफ्ट आहेत. बाकी बहुतेक ठिकाणी जिनेच. म्हणून घर बघताना आधी बस आणि ट्रामचा स्टॉप बघा, खोल्या नंतर.

शाळेचं विचारलं नाहीत, तरी सांगते. वर्गात मदतनीस मिळायला एमडीपीएचकडे, म्हणजे अपंगांसाठीच्या जिल्हा कार्यालयाकडे, अर्ज करावा लागतो आणि निर्णयाला महिने लागतात. डॉक्टरांचे कागद अधिकृत अनुवादकाकडून फ्रेंच करून घ्या, आल्याच आठवड्यात अर्ज टाका. माझ्या मुलाला मदतनीस मिळाली, तरी वर्गाची सहल संग्रहालयात गेली तेव्हा त्याला शाळेतच बसवून ठेवलं. कारण काय, तर सगळे मेट्रोने जाणार. शाळेच्या कोपऱ्यावरून थेट बस होती हो! मी पत्र लिहिलं, दिलगिरीचं उत्तर आलं. मुलगा ते कधीच विसरला. मला अजून रात्री आठवलं की झोप लागत नाही. पुण्यात रिक्षावाले काका त्याला उचलून आत बसवायचे, इथे तो स्वतः बटण दाबून चढतो. त्याला हेच आवडतं. मला कुठलं बरं वाटतं, ते अजून ठरवता येत नाही.

एकटेपणा येतो, जातो. त्याची धास्ती घेऊ नका.

लेकीला ही वाक्यं आत्तापासून स्वतः म्हणायला लावा. ड्रायव्हर तुमच्याकडे बघून बोलेल, तरी उत्तर तिला देऊ द्या. घराचा पत्ता नक्की करण्याआधी मला कळवा, मी सुट्टीच्या दिवशी जाऊन स्टॉप आणि फुटपाथ बघून येते.